कर्तरी प्रयोग

पत्रपेटीच्या तोंडातून पत्रक अर्धं बाहेर लोंबत होतं, आणि त्यावरच्या फोटोतून हेदर लॉसन गुरुदत्त सबनीसकडे बघून हसत होती. शनिवारची सकाळ होती. सप्टेंबर निम्मा सरला, म्हणजे इथला हिवाळा संपला, तरी हवेतला गारठा गेला नव्हता, आणि तो पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, सरकवून, हातात चहाचा कप घेऊन उगाचच फाटकापर्यंत आला होता. वस्तीचा कारभार बघणाऱ्या लोकल बोर्डाच्या निवडणुकीचे दिवस; मतपत्रिका टपालाने घरोघर आलेल्या, भरून महिनाभरात कधीही पेटीत टाकायच्या. रोज कुणाचं ना कुणाचं पत्रक येऊन पडायचं आणि रोज तो ते न वाचता रद्दीच्या डब्यात टाकायचा. हेदरचंही टाकलं असतं. पण हे मराठीत होतं. माउंट वेलिंग्टनच्या एका आडरस्त्यावर, स्वतःच्या पत्रपेटीत, आपली अक्षरं अशी अचानक भेटली की माणूस आधी सुखावतो आणि मग विचार करतो. त्याने पहिलं वाक्य वाचलं. ‘पाऊस आला की मी आधी रस्त्याच्या कडेची जाळी बघतो, मग आभाळ.’ छान उतरलंय वाक्य, असं त्याला वाटलं. आणि मग चहा अंगठ्यावर सांडला, कारण वाक्य त्याचंच होतं.

तो तिथेच उभा राहून वाचत गेला. ‘मी एकोणीस वर्षं माउंट वेलिंग्टनमध्ये राहतो. इथलं पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं हे मला ठाऊक आहे, कारण दोन हजार तेवीसच्या पुरात ते माझ्याच घरात शिरलं होतं. मी बोलतो कमी, करतो जास्त. मला मत द्या.’ खाली ठळक अक्षरांत हेदर लॉसन. कानांत मोती, अंगात पोपटी कोट, मान किंचित कललेली. आणि ती राहतो, बघतो, बोलतो, करतो. एक स्वल्पविराम बदलला नव्हता. त्याच्या ‘गुरुदत्त सबनीस’ या दोन शब्दांच्या जागी तिचे दोन शब्द आले होते, त्याच्या फोटोच्या जागी तिचा फोटो, आणि त्याचं सगळं पुल्लिंग तिच्या अंगावर तसंच राहिलं होतं. शाळेत कदम गुरुजींनी छडी हातात घेऊन शिकवलं होतं, कर्तरी प्रयोगात कर्ता बदलला की क्रियापद बदलतं. इथे कर्ता बदलला होता आणि क्रियापदाला कुणी कळवलंच नव्हतं.

घरात येऊन त्याने पत्रक ओट्यावर टाकलं. कल्याणी थालीपीठ थापत होती. तिने भिजल्या बोटांनी एक कोपरा धरून वाचलं आणि तिला हसू फुटलं. मनापासून, पोटातून. ‘अहो, ही तर आमच्या कोल्हापूरची निघाली! आमच्याकडे बायका अशाच बोलतात. मी येतो, मी जातो.’ लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती असंच बोलायची, मग मिरजेहून पुण्यात येऊन राहिलेल्या सासरच्या माणसांनी टोकून टोकून तिची क्रियापदं सरळ केली होती, आणि त्या टोकणाऱ्यांत तो सगळ्यांत पुढे होता, हे त्याला या क्षणी नको असताना आठवलं. मग तिने पत्रक पुन्हा वाचलं, आणि हसणं हळूहळू थांबलं. ‘हे तुम्ही लिहिलेलं ना? मे महिन्यात, डायनिंग टेबलवर बसून?’ त्याने मान हलवली. तव्यावरचं थालीपीठ एका बाजूने करपलं.

मे महिन्यात त्याला वाटत होतं की उमेदवारी त्याचीच आहे, म्हणून पत्रकाचा मराठी मजकूर आणि त्याचं इंग्रजी त्याने पक्षाकडे देऊनही ठेवलं होतं. वाटायला कारण होतं. अकरा वर्षं तो पक्षात होता. थंडीत, रेनकोट घालून, या चढाच्या रस्त्यांवर त्याने घरोघरी पत्रकं टाकली होती, कुत्री अंगावर घेतली होती. पक्षाला दिवाळीचा कार्यक्रम हवा असला की हॉल, वक्ते, समोसे आणि गर्दी गुरुदत्तने आणायची. फोटोच्या वेळी क्रेग, म्हणजे प्रचार सांभाळणारा, गोरापान, कायम घाईत असलेला आणि मनाने खरोखर वाईट नसलेला माणूस, लांबून हात करायचा: गुरू, जरा मध्ये ये, रंग दिसू दे. रंग म्हणजे कुर्त्याचा, असं गुरुदत्त अकरा वर्षं समजत आला. मतदारयादी घेऊन बसायचं कामही त्याचंच. आडनावांवरून आपली घरं ओळखून त्यांना पिवळी खूण करायची. ज्यांचा शेवट ‘कर’ ते आपले, असं त्याने एकदा सांगितलं, तेव्हा क्रेगने विचारलं होतं, पार्करसुद्धा? सगळे हसले. तोही हसला होता, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच. त्याच पिवळ्या खुणांवरून हे पत्रक आज घरोघर गेलं असणार. स्वतःच्या घरावरही त्यानेच खूण केली होती. यादी अपुरी राहिलेली त्याला खपत नाही.

आणि त्याला खरोखर काहीतरी करायचं होतं, हे कुणाला पटवून सांगावं? तो पावसाच्या पाण्याचा इंजिनिअर. या वस्तीखाली कुठली मोरी किती रुंद आहे, कुठल्या साली कुठल्या ओढ्यावर माती टाकून त्यावर घरं उठवली, हे त्याला आपल्या तळहातासारखं माहीत होतं. तेवीसच्या जानेवारीत त्या संध्याकाळी पाणी मागच्या दाराने आलं तेव्हा कल्याणी घाबरली, लेक ईशा रडली, आणि तो मात्र चिडला होता. कारण ते पाणी तिथूनच येणार हे त्याने दोन वर्षांपूर्वी लेखी कळवलेलं होतं. उत्तरात एक छापील ओळ आली होती, आपल्या मताबद्दल आभार. गालिचे काढून अंगणात टाकताना त्याने ठरवलं की आता मत कळवायचं नाही, मत मागायचं. हा विचार त्याला त्या वेळी इतका आवडला होता की तो एकटाच, गुडघाभर चिखलात, मोठ्याने म्हणाला होता. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे याचा त्याला त्या दिवशी अभिमान वाटला. नंतर कळलं की शब्द एक असला तरी पहिलं मत कुणाला नको असतं, आणि दुसरं सगळ्यांना हवं असतं.

जूनमध्ये मुलाखत झाली. कम्युनिटी हॉल, लांब टेबल, टेबलामागे पाच जण. सुरुवात माओरीत स्वागताने झाली, आणि त्यानेही आपला परिचय माओरीतून दिला. त्यासाठी तो एका शाळेत वर्गाला जात होता, आणि माओरी रीतीप्रमाणे आपला डोंगर, आपली नदी सांगताना त्याने कृष्णा म्हटलं, तेव्हा त्याचा आवाज जरा हललाही होता. मग त्याने नकाशा उलगडला. कुठल्या चार मोऱ्या रुंद केल्या तर किती घरं वाचतील, ते सांगितलं. पाच जण माना डोलावत होते. पुढे त्याला आठवायचं ते हे, की नकाशाकडे त्यांच्यातल्या एकानेही वाकून बघितलं नाही. त्याचं बोलून झाल्यावर मधली बाई म्हणाली, फारच छान, आणि तुमच्या कम्युनिटीबद्दल सांगा ना. किती जण मत द्यायला बाहेर पडतील? इथे त्याने म्हणायला हवं होतं की मोरीतून जाणाऱ्या पाण्याला कम्युनिटी नसते. हे वाक्य त्याला परत येताना गाडीत सुचलं. त्या वेळी तो म्हणाला, चारशे. चारशे हा आकडा इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा होता. त्यांतले निम्मे नुसते ‘सुप्रभात’ पाठवतात आणि उरलेल्यांना लोकल बोर्ड कशाशी खातात हे माहीत नाही. पण तो चारशे म्हणाला, आणि म्हणताना त्याला मिरजेच्या गुरांच्या बाजारातला दलाल आठवला, रुमालाखाली बोटं दाबणारा.

उमेदवारी हेदरला मिळाली. ती चांगली बाई आहे, हीच तर पंचाईत. टेकडीवर राहते, शाळेच्या पालक-समितीवर होती, बोलते मोकळी. ‘मी एक आई आहे,’ एवढं ती म्हणाली आणि टेबलामागचे पाचही जण विरघळले, असं क्रेगनेच त्याला नंतर सांगितलं. त्याला आलेली मेल मात्र लांबलचक होती. आम्ही भारावून गेलो, तुमचा समाजाशी असलेला संबंध आमच्यासाठी अमूल्य आहे, तुम्ही आमच्या टीमचा आत्मा आहात. आत्मा! त्याने ती मेल तीनदा वाचली. नकार कुठल्या ओळीत आहे ते तिसऱ्या वाचनात सापडलं.

ही गोष्ट त्याने घरात सांगितली, आणि घराबाहेर कुणालाही सांगितली नाही. इथे त्याचं चुकलं, आणि ते त्याला आज पत्रक हातात घेतल्यापासून आतून कुरतडत होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता गणपती आले. मंडळाच्या हॉलमध्ये आरती झाल्यावर जो तो हात हातात घेऊन म्हणाला, वा सबनीस, आता आपला माणूस बोर्डावर! त्याने म्हणायचं होतं, नाही हो, मी उभा नाही. पाच शब्द. पण समोरची माणसं खूश होती, वीस-वीस वर्षं इथे राहून ज्यांना शेजारी नावाने ओळखत नाहीत ती माणसं पहिल्यांदा छाती काढून उभी होती, आणि त्याने मोदकाच्या द्रोणाकडे बघत म्हटलं, बघू या, बघू या. खोटं तो काही बोलला नव्हता. पण खोटं न बोलता फसवता येतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. कल्याणी परत येताना गाडीत म्हणाली होती, ‘तुम्हाला कुणी हार घातला असता तर तोही घालून घेतला असतात.’ तो तिच्यावर भडकला होता. अगदी खरं बोललं की तो भडकतो.

फोन वाजायला लागला तेव्हा साडेदहा झाले होते. आधी मंडळाचा ग्रुप: कुणीतरी पत्रकाचा फोटो टाकला होता. ‘हेदरवहिनी कोल्हापूरच्या काय?’ त्याखाली हसणारी तोंडं, एकापाठोपाठ एक, पंधरा, वीस. ‘रस्सा पांढरा की तांबडा विचारा.’ मग रणजितने, मंडळाच्या खजिनदाराने, विचारलं होतं, ‘हे काय, सबनीस उभे आहेत ना? हे कुणाचं पत्रक?’ त्यानंतर ग्रुप एकदम गप्प झाला होता. ती शांतता गुरुदत्तला फोनच्या काचेतून ऐकू येत होती. त्याने उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. तेवढ्यात क्रेगचाच फोन आला.

‘किया ओरा, गुरू!’ क्रेग कुठेतरी रस्त्यावर होता, मागे गाड्यांचा आवाज. मराठी पत्रकाचं खूप कौतुक होतंय, तो म्हणाला, हीप्स ऑफ लव्ह. फक्त एक बारीकशी गोष्ट आहे. पक्षाच्या ऑनलाइन पानावर कुणीतरी लिहिलंय की त्यात हेदर पुरुष आहे. तो हसला. ‘तुमच्या भाषेत असं असतं का? क्रियापदाला पण बाई-पुरुष?’

‘असतं,’ गुरुदत्त म्हणाला.

‘वॉव. ओके. तर दुसरी खेप बारा वाजता छापायला जातेय. तेवढं जरा ठीक करून देशील? तुला पाच मिनिटांचं काम.’

‘क्रेग, ते मी माझ्यासाठी लिहिलं होतं.’

पलीकडे गाडीचं दार लागलं. क्रेगचा आवाज खाली आला, आणि त्यात खरी कळकळ होती, हे गुरुदत्तला कबूल करावं लागलं. ‘मला माहीत आहे, मेट. पण तू इंग्रजीत जे करून दिलं होतंस ना, ते आम्ही सगळ्यांनी वाचलं, आणि ते इतकं युनिव्हर्सल होतं. कुणीही म्हणू शकेल असं. वाया घालवणं जिवावर आलं. तुझं म्हणणं लोकांपर्यंत पोचतंय, हे महत्त्वाचं, नाही का?’

कुणीही म्हणू शकेल असं. इंग्रजीत ‘मी’ कुणाचाही असतो, त्याला ना बाई ना पुरुष. आणि त्या इंग्रजीत गुरुदत्तनेच, उगाच स्वतःचं दुःख मिरवायला नको म्हणून, ‘माझ्याच घरात पाणी शिरलं’चं ‘आपल्या घरांत पाणी शिरलं’ करून टाकलं होतं. सभ्यपणा. आयुष्यभर या सभ्यपणाने त्याचा गळा धरला. मराठीत तो खरं लिहून गेला, इंग्रजीत सगळ्यांचं. आता टेकडीवरच्या हेदरच्या घरात, जिथे नोहाच्या प्रलयातसुद्धा पाणी चढलं नसतं, त्याच्या मराठीमुळे गुडघाभर चिखल झाला होता.

‘बघतो,’ तो म्हणाला. क्रेग म्हणाला, ‘स्वीट ॲज. यू आर अ स्टार.’

तो लॅपटॉप उघडून बसला, आणि त्याला वडील दिसले. वडील मिरजेच्या नगरपालिकेत हेडक्लार्क होते आणि नगराध्यक्षांची भाषणं लिहून द्यायचे. पंधरा ऑगस्ट, पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, कुणाचा सत्कार, कुणाची शोकसभा. आई कंदिलाची काच पुसावी तशी त्यांच्या चष्म्याची काच पुसून द्यायची आणि ते फुलस्केपवर, मध्ये ओळ सोडून, टपोऱ्या अक्षरांत लिहायचे, कारण नगराध्यक्षांना जोडाक्षरं जड जायची. समारंभाला वडील सहाव्या-सातव्या रांगेत बसत. गुरुदत्त शेजारी. वर व्यासपीठावर अध्यक्ष बोलत आणि इथे खाली वडिलांचे ओठ हलत. आवाज नाही, नुसते ओठ. टाळ्या पडल्या की ते मान खाली घालत, लाजल्यासारखी. बारा वर्षांच्या गुरुदत्तला त्या ओठांची इतकी शरम वाटली होती की एकदा तो उठून मैदानाबाहेर जाऊन उसाच्या गुऱ्हाळापाशी उभा राहिला, आणि तिथे त्याने शपथ घेतली की आपण असं कधी म्हणजे कधी व्हायचं नाही. शिकला, परदेशी आला, इथलं नागरिकत्व घेताना तिसऱ्याच देशाच्या राणीला निष्ठा वाहिली, मोऱ्यांची मापं पाठ केली, माओरीतून नदीचं नाव सांगितलं. एवढा वळसा घालून तो पोचला कुठे, तर सातव्या रांगेत.

ईशा खाली आली. ती एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला, या घराइतकीच माउंट वेलिंग्टनची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. तिने थालीपीठाचा तुकडा तोडला आणि बापाच्या खांद्यावरून वाचलं.

‘तू देऊ नकोस करून,’ कल्याणी ओट्यापाशी उभी राहून म्हणत होती. तिने एकदम त्याला अरेतुरे केलं होतं. भांडताना किंवा जीव कळवळला की करायची. ‘राहू दे तिला कोल्हापूरची. हसू देत लोक.’

‘बट आई, इट्स हिज आयडियाज,’ ईशा म्हणाली. ‘हू केअर्स हू सेज इट? ड्रेन्स तर होतील ना फिक्स?’ आणि मग, जरा थांबून, ‘बाबा, आय व्होटेड फॉर हर. सॉरी. शी वॉज द बेस्ट वन ऑन द पेपर.’

त्याला राग यायला हवा होता. आला नाही, आणि तो का आला नाही तेही त्याला कळलं. पोरगी चुकीचं काहीच बोलत नव्हती. कागदावर त्याचं नाव नव्हतं, मग ती काय करणार? शिवाय ती ज्या सहजपणे ‘मी मत दिलं’ म्हणाली, ब्रश केला म्हणावं तितक्या सहज, तो सहजपणा मिळवायलाच तर तो एकोणीस वर्षं धडपडत होता. तिला तो फुकट मिळाला होता. तिला कुणी कधी विचारणार नव्हतं की तुझ्यामागे किती जण आहेत. त्याने तिचा हात थोपटला. त्याला हेवा वाटला, स्वतःच्या मुलीचा, आणि तो त्याने गिळला.

आणि मग त्याने दुरुस्ती करायला घेतली. का घेतली हे त्याला पुढे बऱ्याचदा स्वतःला विचारावं लागणार होतं. क्रेगसाठी नाही. मोऱ्यांसाठी, असं म्हणता आलं असतं, पण तेही पूर्ण खरं नाही. खरं इतकंच की चुकीचं मराठी त्याला बघवत नव्हतं. छापलेलं, शेकडो प्रतींत, लोक हसतायत, आणि त्याच्या हातचं. हा त्याचा दोष म्हणा की त्याच्या घराण्याचा. त्याने ‘राहतो’वर बोट ठेवलं आणि एक काना खोडून ‘राहते’ केलं. ‘बघते’. ‘बोलते कमी’. ‘करते जास्त’. दरवेळी वाक्यातून काहीतरी निघून जात होतं आणि वाक्य मात्र अधिक बरोबर होत होतं. पुराच्या ओळीपाशी तो थांबला. ‘ते माझ्याच घरात शिरलं होतं.’ यात बदलायला काही नव्हतं. ‘माझ्याच’ला लिंग नाही, ते घराचं आहे, ‘शिरलं’ पाण्याचं. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होतं, आणि ते पहिल्या अक्षरापासून खोटं झालं होतं. त्याला फक्त चुका काढायला सांगितलं होतं. त्याने वाक्य तसंच ठेवलं. उलट ‘शिरलं होतं’च्या आधी ‘गुडघाभर’ टाकलं. ते जास्त चांगलं वाटत होतं. कल्याणीने ते मागून पाहिलं, आणि ती वर निघून गेली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याने फाइल पाठवली. क्रेगचा अंगठा लगेच आला.

ग्रुपवर रणजितचा प्रश्न अजून तसाच होता. आता सांगून टाकू, त्याने ठरवलं. मी उभा नाही, कधीच नव्हतो, गणपतीतच सांगायला हवं होतं, माफ करा. एवढं लिहून त्याने एकदा वाचून पाहिलं, आणि फोन हातातच वाजला. काशिनाथ बर्वे. हे बर्वेकाका एक्क्याऐंशी वर्षांचे, तीन रस्ते पलीकडे मुलाकडे राहणारे, सांगलीच्या सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. व्हॉट्सॲप वापरत नाहीत, डोळ्यांना झेपत नाही म्हणून. गेल्या वर्षी त्यांचं नाव मतदारयादीत घालायचा फॉर्म गुरुदत्तनेच भरून दिला होता.

‘सबनीस, अभिनंदन हो!’ काकांचा आवाज नेहमीच वरच्या पट्टीत. ‘पत्रक मिळालं आज सकाळी. भिंग घेऊन दोनदा वाचलं. काय लिहिलंय, काय लिहिलंय! मी सूनबाईला म्हटलं, हा आपला सबनीस बोलतोय, नाव झाकलं तरी ओळखेन. आधी जाळी बघतो, मग आभाळ! डोळ्यांत पाणी आलं.’

‘काका, ऐका ना, त्यात जरा—’

‘फोटो चुकलाय, माहीत आहे. कुठल्याशा बाईचा लागलाय. छापखान्यात व्हायचंच, आमच्या बँकेच्या अहवालात एकदा चेअरमनच्या जागी शिपायाचा फोटो लागला होता. मी नाही गडबडलो. मतपत्रिकेवर तुमचं नाव शोधलं, सापडेना; पत्रकाखाली छापलंय त्या बाईचं मात्र होतं. मग लक्षात आलं, ही पॅनेलची भानगड असणार. आमच्याकडे संचालक मंडळाला असायचं तसं. ती बाई पॅनेलप्रमुख, तिच्यावर खूण केली की मत तुम्हाला. बरोबर ना?’

गुरुदत्तने तोंड उघडलं. खिडकीबाहेर शेजारचा माणूस गाडी धूत होता आणि फेसाचं पाणी उतारावरून जाळीकडे निघालं होतं.

‘घरातली चारही मतं दिली,’ काका सांगत होते. ‘मुलाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल, आणि सुपरमार्केटातल्या त्या नारिंगी पेटीत स्वतःच्या हाताने टाकून आलो. इथे आल्यापासून पहिलं मत माझं. सहा वर्षं नुसता खिडकीत बसून रस्ता बघतोय. आज वाटलं, आहे बुवा आपणही इथे.’ त्यांचा श्वास फुलला होता. ‘बरं केलं ना मी? पेटीत टाकल्यावर जीव जरा खालीवर झाला. चुकलं तर नाही?’

ग्रुपसाठी लिहिलेल्या त्या दोन ओळी न पाठवताच पडद्यावरून विझून गेल्या होत्या. त्या सांगायला आता फार तर अर्धं मिनिट लागलं असतं.

‘नाही काका,’ तो म्हणाला. ‘बरोबर केलंत.’

‘मग झालं तर. आणि हे बघा, पुढच्या खेपेला तेवढा फोटो बदलून घ्या. पण मजकुराला हात लावू देऊ नका कुणाला. एक अक्षरसुद्धा.’

‘नाही लावू देत, काका,’ गुरुदत्त म्हणाला.